ऑफिसात नेटवर्क टाकताय? या चुका टाळा

पंधरा-वीस कॉम्प्युटरचं ऑफिस असलं की हमखास दिसणारा प्रकार म्हणजे स्विचची (कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यांची) माळ, एका टेबलाखाली आठ पोर्टचा स्विच, त्यातून दुसऱ्या टेबलाखाली, तिथून तिसऱ्या. केबल वाचते हे खरंय. पण झाडू मारताना मधल्या एकाचा अडॅप्टर निघाला की पुढचे सगळे बंद, आणि शेवटच्या टेबलांचा सगळा लोड एकाच केबलवर, मग सर्व्हर स्लो आहे म्हणून ओरड.

याच्याहून वाईट म्हणजे या माळेची दोन टोकं जोडून रिंग करणं. एका पतसंस्थेत चार स्विचची माळ होती, साधे अनमॅनेज्ड, म्हणजे काही सेटिंग करता न येणारे स्विच, आणि नव्या मुलाने पुस्तकात वाचलेलं की रिंगमध्ये एक बाजू तुटली तरी दुसरीकडून चालतं, म्हणून त्याने चौथ्यातून पहिल्यात केबल टाकली. मला फोन आला तेव्हा काउंटरवर रांग, आणि तो म्हणतोय, "सर, लाइट तर सगळे चालू आहेत." चालू होते, पण सगळे एका तालात, न थांबता फडफडत होते. मी आधी राउटर बघितला, मग सर्व्हर, दोन तास गेले. शेवटी एकेक केबल काढत गेलो आणि ती चौथ्यातून पहिल्यात टाकलेली काढल्याबरोबर लाइट शांत झाले.

इथरनेटच्या, म्हणजे या केबलवरच्या नेटवर्कच्या, फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) "आता पुरे" सांगणारा आकडाच नसतो, अशी रिंग म्हणजे लूप झाला की एकच ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला मेसेज) गोल गोल फिरत राहतो. यावर नेटवर्क इंजिनिअर रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्री काढलं, त्यात स्विच जास्तीची वाट आपोआप बंद ठेवतात, ते मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचमध्ये मिळतं, साध्यात बहुतेक नसतं. रिंग हवीच असेल तर आधी तसे स्विच घ्या आणि सेटिंग नीट बघा. घाई करून नुसती केबल खुपसू नका, कळकळीने सांगतोय.

माझी सवय म्हणजे मधोमध एक रॅक, त्यात 24 पोर्टचा स्विच, तिथून प्रत्येक टेबलाला स्वतंत्र केबल, म्हणजे साधा स्टार. केबल जास्त लागते, आणि तो स्विच गेला तर सगळंच जातं, म्हणून त्याला यूपीएस आणि कपाटात एक स्पेअर स्विच ठेवतोच. पण एक केबल खराब झाली तर एकच माणूस अडतो आणि ती कुठली ते रॅकसमोर उभं राहून कळतं.

सगळ्यांना सगळ्यांशी जोडायचा फुल मेश छोट्या ऑफिसात नको, 10 मशीनला 45 केबल होतात.

स्विच ते कॉम्प्युटर, टोकांच्या छोट्या जोडकेबल (पॅच कॉर्ड) धरून, 100 मीटरच्या वर जाऊ नका.

स्वस्त म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल घेऊ नका.

आणि केबल ओढतानाच दोन्ही टोकांना नंबर चिकटवा, सीलिंग बंद झाल्यावर नाही. मी एकच नंबर दोनदा लिहितो, एक टोकाला आणि एक हातभर आत, कारण क्रिम्पिंग (टोकाला प्लग दाबून बसवणं) चुकलं की टोक कापलं जातं आणि पहिला नंबर त्याच्याबरोबर कचऱ्यात जातो.