सीपॅपचा मास्क: पट्टे आवळण्याआधी या चुका टाळा

झोपेची तपासणी होते, अहवालात एएचआय, म्हणजे तासाभरात श्वास थांबण्याच्या किंवा मंदावण्याच्या घटनांची सरासरी, 30 च्या पुढे निघते, डॉक्टर सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत मास्कमधून सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, लिहून देतात आणि दोन-तीन दिवसांत विक्रेत्याचा माणूस घरी येऊन हॉलमधल्या खुर्चीवर बसलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर मास्क चढवून दाखवतो. यंत्र बंद असते, ट्यूबलाइट लख्ख असते आणि घरातली मंडळी भोवती उभी राहून ‘छान बसला’ असे म्हणतात. त्याच रात्री एक वाजता तो मास्क डोळ्यांत वारा सोडू लागतो, रुग्ण अर्धवट झोपेत पट्टे आवळतो, तीन वाजता वैतागून मास्क काढून ठेवतो आणि महिनाभरात यंत्र माळ्यावर जाते. अशा वेळी दोष चेहऱ्याला किंवा कंपनीला दिला जातो. खरी गोष्ट एवढीच असते की मास्क पारखला गेला तो जागेपणी, बसून आणि हवेविना; वापरायचा मात्र असतो झोपेत, आडवे पडून आणि हवेच्या दाबाखाली. मी गेली सहा वर्षे मास्क लावून झोपतो आणि पहिल्या वर्षात तीन मास्क बदलले, त्यामुळे पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

बसून आणि यंत्र बंद ठेवून मास्क पारखणे

माणूस आडवा झाला की गालांचे व हनुवटीखालचे मांस मागे सरकते, जबडा सैल पडतो आणि चेहऱ्याचा आकार बदलतो. ज्यांना कवळी आहे त्यांच्यात हा फरक आणखी मोठा असतो, कारण रात्री कवळी काढल्यावर ओठांभोवतीचा भाग आत जातो आणि दिवसा घट्ट बसलेल्या मास्कला खालच्या बाजूने टेकायला आधारच उरत नाही. म्हणून कवळी काढून झोपत असाल तर मास्कही कवळी काढूनच पारखावा.

दुसरी बाब दाबाची. सीपॅप यंत्रे साधारणपणे 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतात. 6 च्या दाबाला मुळीच न गळणारा मास्क 13 च्या दाबाला कडेने फुरफुरू शकतो. ऑटो यंत्र सुरुवातीला कमी दाब देते आणि तो झोपेत वाढवत नेते, त्यामुळे विक्रेत्यासमोरच्या पाच मिनिटांत रात्री दोन वाजताची परिस्थिती कधीच दिसत नाही. बऱ्याच यंत्रांत मास्क तपासण्याची स्वतंत्र सोय असते, तिच्यात काही मिनिटे वाढीव दाब मिळतो. ती सुरू करून स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्याच उशीवर, आधी उताणे आणि मग दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ पडून पाहावे. विक्रेत्यासमोर असे लोळायला संकोच वाटतो हे खरे, पण मास्कला काही हजार रुपये मोजायचे असतील तर तेवढा संकोच बाजूला ठेवलेला बरा. ठरावीक दिवसांत मास्क बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारून पावतीवर लिहून घ्यावे. मी ते केले नव्हते आणि एकदा उघडलेला मास्क परत घेत नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर समजले.

गळती दिसली की पट्टे आवळणे

ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे आणि बाकीच्या अनेक तक्रारी हिच्यातूनच जन्मतात. नाकाच्या हाडावरचे व्रण, गालांवरचे वळ, मानेमागचा ताण आणि सकाळचे डोके दुखणे यांचे मूळ पुष्कळदा आवळलेल्या पट्ट्यांत सापडते.

मास्कचे सिलिकॉनचे कुशन नीट पाहिले तर त्याची चेहऱ्याकडची कड बहुधा दुहेरी असते: आत थोडी जाड भिंत आणि तिच्यावरून वळलेला पातळ पापुद्रा. यंत्रातून हवा आली की ती या पापुद्र्याखाली शिरते, त्याला फुगवते आणि त्वचेला अलगद चिकटवते. मास्क असा हवेवर तरंगत बसायला हवा. पट्टे आवळले की पापुद्रा चुरगळतो, त्याला घड्या पडतात आणि त्याच घड्यांतून हवा निसटते. म्हणजे गळती थांबवण्यासाठी केलेला उपाय गळती वाढवतो. सिडनीतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1980 मध्ये हा उपचार पहिल्यांदा केला आणि 1981 मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे कुशन नव्हते; सुरुवातीच्या रुग्णांच्या नाकांचे साचे काढून मास्क घडवले जात आणि दर रात्री ते सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावे लागत. आजचा पापुद्रा त्या चिकटवण्याची जागा घेतो, आणि तो चेपून टाकणे म्हणजे चाळीसेक वर्षांची सुधारणा एका ओढीत वाया घालवणे होय.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. सगळे पट्टे सैल करून आडवे व्हावे, यंत्र सुरू करावे आणि मास्क चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढून हळूच परत टेकवावा, म्हणजे पापुद्रा मोकळा फुगतो. मग खालचे दोन पट्टे दोन्ही बाजूंना सारखे, थोडे थोडे घट्ट करावेत, त्यानंतर वरचे. आणि फुरफुर थांबली त्या क्षणी हात काढून घ्यावा. पट्ट्याखाली एखादे बोट सहज जायला हवे. डोळ्यांकडे हवा येत असेल तर बहुतेक जण वरचा पट्टा ओढतात, पण खालचे पट्टे सैल राहिल्याने मास्क वर सरकलेला असणे किंवा मास्कचे माप मोठे असणे हीसुद्धा त्याची नेहमीची कारणे आहेत, म्हणून आधी तिकडे पाहावे. सकाळी दिसणारी पुसट लाल खूण अर्ध्या-पाऊण तासात मावळत असेल तर काळजी नसावी. ती दुपारपर्यंत टिकत असेल किंवा त्वचा सोलवटत असेल, तर माप, प्रकार किंवा ताण यांपैकी काहीतरी चुकते आहे. मधुमेह असलेल्यांनी अशा जखमेकडे विशेष लक्ष द्यावे.

‘मी तोंडाने श्वास घेतो’ म्हणून थेट मोठा मास्क मागणे

मास्कचे मुख्य प्रकार तीन: नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा पिलो मास्क, फक्त नाक झाकणारा नेझल मास्क आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. आपल्याकडे घोरणारा माणूस ‘तोंड उघडे टाकून झोपतो’ ही घरच्यांची तक्रार असतेच, आणि तेवढ्या साक्षीवर फुल फेस मास्क घेतला जातो. मोठा मास्क म्हणजे जास्त सुरक्षित, अशी एक समजूतही त्यामागे असते.

प्रत्यक्षात ज्यांचा घसा झोपेत मिटतो, त्यांतले बरेच जण हवा अपुरी पडते म्हणून तोंड उघडतात. नाकातून पुरेशा दाबाने हवा मिळू लागली की घसा उघडा राहतो आणि अनेकांचे तोंड काही दिवसांत आपोआप मिटते. उलट फुल फेस मास्कचे खालचे पट्टे आवळले गेले की हनुवटी आणि जबडा मागे ढकलला जातो, त्याबरोबर जीभही मागे सरकते आणि जो मार्ग उघडायचा तोच अरुंद होतो. अशा मास्कला चेहऱ्याच्या लांबलचक परिघावर हवा रोखावी लागते, त्यामुळे गळतीच्या जागाही वाढतात आणि पुष्कळांना दाबही जास्त लागतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनीही नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कऐवजी नाकाच्या किंवा नाकपुड्यांच्या मास्कला पसंती दिली आहे.

याचा अर्थ फुल फेस मास्क वाईट असा नाही. नाकाचा मार्ग खरोखरच बंद असेल तर तोच उपयोगी पडतो. पण नाक बंद का आहे हे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे: वाकडा पडदा, ॲलर्जी, वाढलेले मांस यांवर उपाय असतात, आणि साध्या कोरडेपणाने चोंदणारे नाक यंत्राचा हवा दमट करणारा ह्युमिडिफायर वाढवल्यानेही मोकळे होते. नेझल मास्क लावून सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर तोंडावाटे हवा निसटते आहे असे समजावे. त्यावर आधी नाकाचा आणि दमटपणाचा बंदोबस्त, मग हनुवटीचा पट्टा आणि तरीही जमले नाही तर मोठा मास्क, हा क्रम मला योग्य वाटतो. तोंडावर चिकटपट्टी लावण्याचे प्रयोग समाजमाध्यमांवर दिसतात, पण नाक चोंदले किंवा उलटी झाली तर ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. जी व्यक्ती स्वतःच्या हाताने मास्क काढू शकत नाही, तिला नाक-तोंड झाकणारा मास्क लावण्याचा निर्णयही डॉक्टरांवरच सोपवावा.

मिशी, मोरणी आणि खोबरेल

मापाच्या बाबतीत एकच इशारा पुरे: एका कंपनीचे ‘मध्यम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मध्यम’शी जुळेलच असे नाही, त्यामुळे दर वेळी त्या त्या मॉडेलच्या मापपट्टीनेच चेहरा मोजून घ्यावा.

माहितीपुस्तिकांत क्वचितच आढळणाऱ्या काही गोष्टी मात्र आपल्या घरांत नित्याच्या आहेत. भरघोस मिशी किंवा दाढी पापुद्र्याखाली आली की हवा केसांतून वाट काढते. अशा पुरुषांना नाकपुड्यांशी टेकणारा पिलो मास्क बऱ्याचदा सोयीचा पडतो. मोरणी किंवा चमकी घालणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत नेझल मास्कची कड नेमकी त्या खड्यावर येते. ‘मोरणी रात्री काढत नाही’ हे आधीच सांगितले तर वेगळ्या आकाराचा मास्क निवडता येतो; न सांगता घरी आणलेला मास्क एका बाजूने गळत राहतो आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री डोक्याला खोबरेल चोपडण्याची सवय असेल तर पट्टे तेलकट होऊन घसरतात आणि ताण गमावतात, आणि चेहऱ्यावरचे क्रीम किंवा तेल सिलिकॉनची पकड घालवून ते लवकर खराब करते. तेल सकाळी अंघोळीआधी लावावे आणि झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा, एवढ्यानेही निम्मी गळती थांबलेली मी पाहिली आहे.

भोकांतून ‘वाया जाणारी’ हवा बंद करणे

प्रत्येक मास्कला बारीक भोकांची एक जागा असते आणि तिच्यातून हवा सतत बाहेर पडत राहते. ती गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. ती बंद केली तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला जाईल. शेजारी झोपणाऱ्याला वारा लागतो म्हणून तिथे टेप लावलेला मास्क मी एका नातेवाइकांच्या घरी पाहिला आहे. वारा खरोखर त्रास देत असेल तर हवा पसरवून सोडणारे मॉडेल घ्यावे, भोकांना हात लावू नये.

यंत्र दाखवत असलेला गळतीचा आकडाही समजून घ्यावा लागतो. रेसमेड या कंपनीची यंत्रे भोकांतून अपेक्षित असलेली हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात आणि तिथे मिनिटाला 24 लिटर ही मर्यादा धरली जाते. काही इतर यंत्रे एकूण गळती दाखवतात, त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. शिवाय मास्कचा प्रकार बदलला की यंत्राच्या सेटिंगमध्येही तो बदलावा लागतो. पिलो मास्क लावून यंत्रात ‘फुल फेस’ राहिले असेल, तर यंत्राचा हिशेब चुकतो.

चुंबकाची चौकशी न करणे

काही मास्कचे पट्टे चुंबकाच्या चिमट्यांनी लागतात. हाताला संधिवात असलेल्यांना ते फार सोयीचे वाटतात, पण पेसमेकर, शरीरात बसवलेला, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची धातूची क्लिप किंवा मेंदूतला शंट (साचलेले पाणी वाहून नेणारी नळी) असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकतात. 2022 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी जाहीर इशारा दिला आणि अशा उपकरणापासून चुंबक निदान 6 इंच दूर असावा असे सांगण्यात आले. हा नियम शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीलाही लागू होतो, आणि नेमके हेच दुकानात कोणी विचारत नाही.

पहिल्या चार रात्रींत निकाल लावणे

मास्क लावताच गुदमरल्यासारखे वाटणे ही खरी अडचण आहे, तिला मनाचा कमकुवतपणा म्हणू नये. संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास आधी नुसता मास्क, मग यंत्रासह मास्क लावून बसण्याचा सराव आठ-दहा दिवस केला की चेहरा त्याला सरावतो; कमी दाबाने सुरुवात करणारे ‘रॅम्प’ सेटिंगही मदत करते. वीज गेली तर काय, ही भीती आपल्याकडे रास्तच आहे. फुल फेस मास्कमध्ये यंत्र बंद पडताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. ती धुताना चिकटलेली किंवा फाटलेली तर नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडू लागले तर मास्क बदलायला धावू नये. एसीने खोली गार झाली की दमट हवेतले पाणी नळीत जमते. यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवणे, नळीवर कापडी खोळ चढवणे किंवा दमटपणा एका पायरीने कमी करणे यांपैकी एखादा उपाय पुरतो. कुशन रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे, पट्टे आठवड्यातून एकदा. डेटॉल, स्पिरिट किंवा ब्लीच वापरू नये. आणि काही महिने उत्तम चाललेला मास्क अचानक गळू लागला तर नवा पूर्ण मास्क घेण्याआधी पापुद्रा उजेडात धरून पाहावा: तो कडक, पिवळसर किंवा चिरलेला दिसला तर बहुतेक मॉडेलांचे नुसते कुशन वेगळे मिळते आणि ते पूर्ण मास्कच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत येते.