किल्ल्यावर अळीव उगवताना

दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरणी करा. अळीव दोन-तीन दिवसांत फुटतात, पण डोंगर हिरवा दिसायला आणखी दोन-तीन दिवस लागतात.

विटा-दगड रचून वर गोणपाट टाका. चाळलेल्या लाल मातीत चौथा हिस्सा बारीक वाळू मिसळा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात माती तडकते. इडलीच्या पिठाइतका दाट गारा करून लिंपा. लिंपण्याचं काम मुलांचंच. आधी मातीतल्या काचा, खिळे मात्र मोठ्यांनी वेचून काढावेत.

मोहरी उतारावरून घरंगळते, म्हणून अळीवच बरे. दोन मोठे चमचे अळीव अर्धी वाटी पाण्यात तासभर भिजवले की त्यांना बुळबुळीत आवरण येतं आणि ते उभ्या कड्यालाही चिकटतात. ओल्या मातीवर पातळ पसरा, वर माती घालू नका. थर जाड झाला तर खालचे दाणे कुजून वास येतो.

तांब्याने पाणी ओतू नका, कडे खचतात. सकाळ-संध्याकाळ स्प्रे बाटली तीन-चार वर्षांच्या मुलाच्याही हातात देता येते. पणत्या गोणपाटाच्या उघड्या कडेपासून लांब, सपाट जागी ठेवा.