अंगणात सवारो लावताय? या चुका टाळा

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉनला येऊन मला बावीस वर्षं झाली. दर वर्षी आपल्यातलं कुणीतरी नवं घर घेतं आणि सामान लागायच्या आत विचारतं, "दारात मोठा सवारो हवाय, कुठे मिळेल?" (सवारो म्हणजे इथला खांबासारखा उंच कॅक्टस. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'जी' आहे, पण इथे सगळे सवारोच म्हणतात.) या घाईपायी उभी झाडं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून लिहिते आहे.

पहिली चूक म्हणजे वाळवंट दिसलं की सवारो येणारच, असं धरून चालणं. टेक्ससमधल्या डॅलसहून माझी मावसबहीण दर हिवाळ्यात विचारते, तिच्याकडे लावता येईल का म्हणून. टेक्ससच्या साल्साच्या बाटल्यांवर सवारोचं चित्र असतं खरं, पण तिथल्या रानात तो उगवत नाही. त्याचं घर सोनोरन वाळवंट: दक्षिण ॲरिझोना, मेक्सिकोचं सोनोरा राज्य आणि कॅलिफोर्नियात कोलोरॅडो नदीलगत थोडासा. टुसॉनला वर्षभरात जेमतेम 11-12 इंच पाऊस होतो, पण तो दोनदा येतो. हिवाळ्यात हळू झिरपणारा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनचा धो धो. सवारोला हे दोन्ही लागतात. थंडी मात्र सोसत नाही. पारा चोवीस तास गोठणबिंदूखाली राहिला तर झाड दगावू शकतं. म्हणून साधारण 4000 फुटांच्या वर तो क्वचितच दिसतो.

आता माझ्या सगळ्यात जिव्हारी लागलेली चूक: मोठं झाड विकत आणणं आणि वर त्याला पाणी घालत बसणं.

आमच्या एका स्नेह्यांनी वास्तुशांतीला पंधरा फुटी सवारो आणवला. एक हात, म्हणजे फांदी, फुटलेला. हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, म्हणजे ते झाड माझ्या आईच्या वयाचं असणार. लावणाऱ्यांनी तो हात रस्त्याकडे यावा म्हणून झाड फिरवलं, हलू नये म्हणून आधीपेक्षा दीड फूट खोल पुरलं, आणि शेजारच्या गुलाबांच्या ड्रिपची एक नळी त्याच्या बुंध्याशी सोडली. पहिल्या वर्षी ते टम्म फुगलं, मेमध्ये फुलंही आली. सगळ्यांनी कौतुक केलं. मी सांगून पाहिलं, पण फुललेल्या झाडापुढे माझं कोण ऐकणार? तिसऱ्या वर्षी पश्चिमेची बाजू पिवळी पडली. चौथ्या वर्षी बुंध्याशी काळं, घाण वासाचं पाणी झिरपायला लागलं, आणि मान्सूनच्या एका वादळी रात्री झाड ड्राइव्हवेवर आडवं झालं. सकाळी मी मुळं पाहिली. नुसते हातभर थोटके, तेही कुजलेले.

सवारोची बहुतेक मुळं जमिनीखाली चार-सहा इंचांवरच असतात आणि झाड जेवढं उंच, तेवढी लांब पसरतात. उपटताना ती तुटतात. साठवलेल्या पाण्यावर झाड कित्येक वर्षं हिरवं दिसतं, म्हणून चूक झाली तेव्हा कळतच नाही. मी काय करते ते सांगते: उपटण्याआधी दक्षिणेच्या बाजूला खडूची खूण, लावताना तीच बाजू दक्षिणेला. खोली आधीइतकीच. पहिला महिना थेंबभरही पाणी नाही. नंतर कडक उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, तेही बुंध्यापासून चार फूट दूर, गोल आळ्यात. आणि देण्याआधी खोडाच्या घडीत पेन्सिल धरून बघते. घड्या खोल गेल्या असतील तरच पाणी, भरलेल्या असतील तर नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. खड्ड्यात पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर खाली कॅलिचीचा चुनखडी थर आहे, जागा बदला. काळं पाणी दिसलं तर सडका भाग स्वच्छ सुरीने कोरून काढा, एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने धुवा आणि जखम उघडीच ठेवा. त्यात सिमेंट भरू नका. बफेल गवत दिसेल तिथे मुळासकट उपटा, कारण त्यातून पसरणाऱ्या वणव्यात सवारो तगत नाही. आणि रानातलं झाड परवान्याशिवाय हलवणं ॲरिझोनात गुन्हा आहे. विक्रेत्याकडे परवान्याचा टॅग मागायला लाजू नका.

गावाकडून "आमच्या कुंपणालाही सवारो आहे" असे फोटो येतात. खरवडून बघा. पांढरा चीक आला तर ते त्रिधारी निवडुंग, कॅक्टसच्या कुळातलं नव्हेच.

लावायचाच असेल तर बोटभर रोप आणा आणि झाडाच्या सावलीत लावा. रानातही सवारो पालो वर्दे किंवा मेस्कीट या वाळवंटी झाडांच्या आडोशालाच वाढतो. उघड्यावर रोप उन्हाने करपतं, थंडीने गोठतं. माझं रोप 2009 सालचं आहे, पालो वर्देखाली. अजून गुडघ्याच्या खालीच आहे. कडाक्याच्या रात्री मी त्याच्या शेंड्यावर थर्माकोलचा कप उपडा घालते आणि सकाळी ऊन आलं की काढून घेते.