नाताळची कार्डं : ठेवायचं काय, कापायचं काय

६ जानेवारी झाला की आमच्या जालन्याच्या घरात दारावरचा तारा उतरतो आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेली कार्डंही उतरतात. त्या दिवशी ती माळ्यावर गेली की गेलीच. म्हणून त्याच संध्याकाळी सतरंजी अंथरून, कात्री आणि पेन्सिल घेऊन बसायचं.

आधी प्रत्येक कार्ड उघडून बघा. आत नुसती छापील शुभेच्छा आणि खाली सही असेल तर ते एका बाजूला. यात मन अडकवू नका. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं, तेच मुळी इतक्या जणांना पत्रं लिहायला सवड नव्हती म्हणून! ठेवायचं असतं ते हाताने लिहिलेलं.

लिहिलेलं कार्डही अख्खं ठेवायची गरज नाही. मजकूर बहुतेक उजव्या पानावर असतो. घडीवर कापलं की अक्षर आपल्याकडे राहतं आणि चित्र मोकळं होतं. कापण्याआधी चित्राची मागची बाजू मात्र पाहा. आमची नगरची आत्या चारही बाजूंनी लिहिते, जागा संपली की कडेने उभं. तिच्या कार्डाला कात्री लागत नाही.

ठेवायच्या पानामागे पेन्सिलीने नाव, गाव, वर्ष टाका. बॉलपेन नको, दाब पलीकडे उमटतो. पाकिटावरचा पत्ता वहीत उतरवला की पाकीट रद्दीत.

पानं वर्षाप्रमाणे लावू नका, घराप्रमाणे लावा. शोधताना ‘२०१७ चं कार्ड’ कुणी शोधत नाही, ‘मामींचं अक्षर’ शोधतात. बुटाचा खोका पुरतो. गठ्ठ्याला रबरबँड लावू नका. मी लावले होते, पत्र्याखाली मे महिन्यात विरघळून कार्डांना चिकटले, ते अजून निघाले नाहीत. सुती नाडी बांधा. खोका कपाटात, भिंतीपासून सुटा ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा, कसर लागली का ते. वहीत चिकटवायची असतील तर मैद्याची खळ टाळा, कसरीला ती मेजवानीच.

आता मोकळी झालेली चित्रं. संक्रांत आठवड्यावर आलेली असते, तेव्हा तिळगुळाच्या डब्या करा. चित्राचा १२ सेंटिमीटरचा चौरस कापा. उलट्या बाजूने प्रत्येक कडेपासून ३ सेंटिमीटरवर रेघ आखा. संपलेली रिफिल पट्टीला धरून रेघांवरून दाबून ओढा. ही पायरी गाळली तर घडी पडताना रंग तडकतो. प्रत्येक कोपऱ्यात एकाच रेघेवर, दोन रेघा छेदतात तिथपर्यंत कात्री चालवा. बाजू उभ्या करा, सुटे कोपरे आत वळवून फेविकॉलने चिकटवा आणि वाळेपर्यंत कपड्याचा चिमटा लावा. हे झालं झाकण. तळासाठी चौरस ४ मिलिमीटरने लहान घ्या, रेघा मात्र ३ सेंटिमीटरवरच. तळाला जुनी लग्नपत्रिका उत्तम. जाड असते आणि आपल्याकडे तिचा तुटवडा कधीच नसतो.

चमकी लावलेली कार्डं डबीला वापरू नका, चमकी तिळात उतरते. ती रद्दीतही नको, कारण चमकी प्लास्टिकची असते आणि कागदाच्या लगद्यात अडचण करते. त्यांच्या पट्ट्या कापा, पंचने भोक पाडून दोरा ओवा. पुढच्या नाताळच्या भेटींना नावाच्या चिठ्ठ्या तयार. साध्या डबीतही आधी बटर पेपर घाला, मगच तिळगूळ.

गेल्या संक्रांतीला गव्हाणीचं चित्र असलेली एक डबी शेजारच्या काकूंकडे गेली. “डबी लई गोड झाली गं,” म्हणाल्या. रथसप्तमीला ती परत आली, आत चार बोरं आणि मूठभर सोलाणे.