फर्लो, पॅरोल आणि मुदतपूर्व सुटका: घरच्यांनी फाइल कशी उभी करायची

अर्ज लिहायला बसण्याआधी निकालाची आणि शिक्षेच्या वॉरंटची प्रत मिळवा. घरच्यांना 'दहा वर्षं लागलीत' एवढंच पाठ असतं, कागदावर मात्र बरंच काही असतं. अटक कधी झाली? खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा धरलेत का? (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२८ कलम होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८.) वेगवेगळ्या कलमांच्या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक? आणि दंड किती? दंडाची ओळ निकालाच्या शेवटी असते आणि तिथपर्यंत कुणी वाचतच नाही. 'दंड न भरल्यास आणखी सहा महिने' असं असेल तर रजा आणि माफीचं (माफी म्हणजे चांगल्या वागणुकीमुळे शिक्षेतून कमी होणारे दिवस) सगळं गणित जुळूनही माणूस सहा महिने आतच राहतो. ऐपत नसेल तर २०२३ पासून केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे. पात्र शिक्षाबंद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड त्यातून भरता येतो. तुरुंग अधीक्षकांकडे नाव द्या, प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जातं.

मी वकील नाही. विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक म्हणून शिक्षाबंद्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अर्ज लिहून देते. 'वर कुणाची ओळख आहे का' हा प्रश्न मला रोज विचारला जातो. ओळख शोधण्यात घालवलेला वेळ कागद गोळा करण्यात घालवा, कारण सही करणारा अधिकारी तुमच्या माणसाला बघतही नाही, तो फाइल बघतो.

मागायचं काय ते आधी नक्की करा. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगून वागणूक चांगली असेल तर ती मागता येते, त्यासाठी घरात काही घडावं लागत नाही. रजा नियमांत राहून काढली तर ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला कारण लागतं: जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, मृत्यू, लग्न, पुरात किंवा आगीत घराचं नुकसान. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, ते पुढे भरावे लागतात. म्हणून फर्लो मिळण्यासारखा असताना ओढूनताणून कारण काढून पॅरोल मागणाऱ्यांना मी थांबवते. महाराष्ट्रातले हे नियम मूळचे १९५९ सालचे, पण त्यांत वेळोवेळी बदल झालेत. किती वर्षांनी आणि किती दिवस, हे शेजारच्या बंद्याच्या घरच्यांना विचारू नका, तुरुंगाच्या शिक्षा विभागातून घ्या.

आता अर्ज. 'आई खूप आजारी आहे, माझ्याशिवाय बघणारं कुणी नाही, तरी साहेबांनी दया करावी.' असे अर्ज मी ढिगाने पाहिलेत. त्यातून अधिकाऱ्याला कळतं काय? त्याऐवजी असं लिहा: 'माझी आई, वय ६८, हिच्या खुब्याचं ऑपरेशन अमुक तारखेला अमुक सरकारी रुग्णालयात ठरलं आहे. घरात माझी पत्नी आणि दोन लहान मुलं आहेत, दुसरा कर्ता पुरुष नाही. रुग्णालयाचं पत्र आणि रेशन कार्डाची प्रत जोडली आहे. रजेत मी खालील पत्त्यावर राहीन.' पत्र रुग्णालयाच्या छापील कागदावर हवं, तारीख हवी, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. खोटं आजारपण दाखवू नका. त्या पत्राची चौकशी होते, आणि एकदा पकडलं गेलं की त्या माणसाचा पुढचा खरा अर्जही संशयानेच वाचतात.

खरा पेच पुढे आहे. अर्ज तुरुंगातून तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो आणि मी पाहिलेले बहुतेक नकार तिथल्या अहवालावरूनच आलेत. एक हवालदार दारात येतो, जामीनदाराचा जबाब घेतो, शेजारी विचारतो, गावात पोलीस पाटलाला विचारतो. त्या अर्ध्या तासाची तयारी कुणी करत नाही. एका आजींनी हवालदाराला चहा दिला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आता तो आमचा राहिलाय कुठं!" मुलगा सणासुदीला घरी नसतो, ही त्यांची बोच होती. अहवालात उतरलं: 'नातेवाईक जबाबदारी घेण्यास तयार नाहीत.' अर्ज तिथेच संपला.

तेव्हा जामीनदार ठरवताना नुसतं नातं बघू नका. त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा किंवा घर-जमिनीचा कागद असावा, आणि त्याला सगळं माहीत असावं: कोणत्या गुन्ह्यात शिक्षा, किती वर्षं झाली, रजेत झोपायला कुठे, जेवायला कुठे, आणि परतीच्या दिवशी तुरुंगाच्या दारापर्यंत सोडायला कोण जाणार. शेवटचं उत्तर नावानिशी द्या. 'आम्ही पाठवू' आणि 'मी स्वतः घेऊन जाईन, हा माझा नंबर' यांत फार फरक आहे. घरातल्या सगळ्यांनी एकच सांगावं, म्हणून आदल्या आठवड्यात एकदा एकत्र बसा. पढवून ठेवलेलं बोलू नका, पोलिसांना ते लगेच कळतं.

फिर्यादी त्याच गल्लीत राहत असेल तर पत्ताच बदला. बहिणीचं गाव, मामाचं घर, दुसरा तालुका चालेल, फक्त तिथला माणूस जामीनदार व्हायला हवा. 'फिर्यादीच्या जिवाला धोका, शांतता भंग होण्याची शक्यता' हे वाक्य प्रतिकूल अहवालात हमखास असतं, आणि पत्ता दूरचा असला की त्यातली हवाच जाते. मात्र फिर्यादीच्या घरी 'ना हरकत' मागायला कुणीही जायचं नाही. हात जोडून गेलात तरी तो दबावच ठरतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाजूने बघितलं तर तो असतोच.

रजा मिळाली की परतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक करा. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर तिची नोंद ठेवा. उशिरा परतलं की माफीचे दिवस कापले जातात, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि पुढची रजा अडते. दरवेळी वेळेवर परतल्याची नोंद हा मुदतपूर्व सुटकेच्या वेळचा सगळ्यात भक्कम पुरावा.

त्या सुटकेबद्दल फार गैरसमज आहेत. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नाही, वीसही नाही. ती आयुष्यभराची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगितलंय. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३३-अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५ कलम), आणि त्या चौदांत माफीचे दिवस मोजत नाहीत. पॅरोलचे दिवसही वगळायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात म्हटलंय. चौदा भरली म्हणून दार आपोआप उघडत नाही. सरकारच्या धोरणात गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षांचे गट आहेत. धोरण साधारणपणे शिक्षा झाली त्या तारखेचं लागतं, नंतर जास्त फायद्याचं आलं असेल तर त्याचा लाभ मागता येतो. शिक्षा दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाने दिली असेल तर निर्णय त्या राज्याच्या सरकारचा, इथल्या तुरुंगात ठेवलंय म्हणून महाराष्ट्राचा नाही.

ही फाइल मी पाच प्रश्न समोर ठेवून लावते. लक्ष्मण नस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते घालून दिलेत: गुन्हा व्यक्तीपुरता होता की समाजाला हादरवणारा, तो पुन्हा होण्याचा संभव किती, माणसात गुन्हा करण्याची क्षमता उरलीय का, त्याला आत ठेवून आता काही साधतंय का, आणि घरची स्थिती काय. प्रत्येक प्रश्नाला कागद लावा. तुरुंगातल्या सुतारकामाचा किंवा विणकामाचा दाखला, मुक्त विद्यापीठाची गुणपत्रिका, तुरुंगात शिस्तभंगाची शिक्षा झाली नसल्याची नोंद, आजारपण असेल तर तुरुंगाच्या डॉक्टरांचे कागद. बाहेरून कामाचं पत्र आणा, पण 'मुलगा सज्जन आहे' असलं नको. गॅरेज कुणाचं, काम कोणतं, पगार किती, कधीपासून ठेवणार, हे त्यात हवं. सरपंचाच्या पाच ओळींपेक्षा अशा एका पत्राला मी जास्त किंमत देते.

गुन्ह्याबद्दल काय लिहायचं, इथे सगळे अडतात. 'मला गोवलं' हे अपिलात मांडायचं, या अर्जात नाही. पण अपील अजून चालू असेल तर कबुलीसारखं एक वाक्यही वकिलांना दाखवल्याशिवाय लिहू नका. अपील संपलं असेल तर सरळ लिहावं: काय घडलं, कुणाचं काय गेलं, आज त्याकडे तो कसा बघतो. ते त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. सुंदर भाषा माझी आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मुदत भरली तरी तुरुंगातून काही हालचाल नसेल तर गप्प बसू नका. राज्याचं धोरण असेल तर पात्र बंद्याचा विचार अर्जाविनाही करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बजावलंय. नकाराची कारणं थोडक्यात द्यायची आणि आदेश बंद्याला कळवायचा, हेही त्यातच आहे. म्हणून 'नामंजूर झालं' एवढं तोंडी ऐकून घरी जाऊ नका, आदेशाची प्रत मागा. तारीख आणि कारण वाचा. नुसतं 'पोलीस अहवाल प्रतिकूल' एवढंच असेल तर उच्च न्यायालयात दाद मागण्यासारखं प्रकरण असतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलाय, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. जाताना नकाराचा आदेश, निकालाची प्रत आणि आधीच्या रजांमधल्या परतीच्या तारखा सोबत न्या. वकील पहिल्याच भेटीत हेच मागतात.