मागाचा माग: एखाद्या प्रदेशातील उद्योगाचे स्थलांतर कसे अभ्यासावे

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि कापडधंदा संपला, असे विधान आपण वारंवार ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. धंदा संपला नाही. त्याचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या गावी गेला. म्हणून आपल्या जिल्ह्यातील उद्योग काळानुसार कसे बदलले हे ज्याला लिहायचे आहे, त्याने ‘उद्योग’ हा एकसंध पदार्थ मानू नये. कच्चा माल, यंत्रे, माणसे आणि जमीन या चारही गोष्टींचा माग स्वतंत्रपणे काढावा. पुढील विवेचनात महाराष्ट्रातील सुती कापडाचे उदाहरण घेतले आहे. साखर, विडी किंवा कातडे यांनाही हीच रीत लागू करता येईल.

आरंभी एक वस्तू आणि एक सीमा निश्चित करावी. वस्तू ठरवणे सोपे असते, सीमा मात्र फसवी असते. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे 1981 मध्ये, लातूर आणि गडचिरोली 1982 मध्ये, तर पालघर 2014 मध्ये झाला. त्यामुळे जुन्या आणि नव्या जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली, तर नकाशावरची रेघ हलल्याचा परिणाम उद्योगाच्या माथी मारला जातो. शक्यतो तालुका हे एकक धरावे. इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानाखालची जहागीर होती आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, हे विसरून केवळ मुंबई इलाख्याचे अहवाल चाळणाऱ्याला तेथे काहीच नव्हते असे वाटण्याचा धोका असतो.

आधाररेषेसाठी जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे पाहावीत. सोलापूरचा खंड 1884 मधील आहे. व्यापार आणि धंदे यांवरील प्रकरणे सावकाश वाचावीत आणि कोणत्या गावी काय विणले जात होते, सूत कोठून येत होते व माल कोणत्या बाजारात जात होता याची टिपणे काढावीत. मात्र ही नोंद सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेतून झालेली आहे. विणकराचा धंदा पुरुषाच्या नावे लिहिला जातो आणि कांड्या भरणाऱ्या, म्हणजे आडव्या धाग्याचे सूत कांडीवर गुंडाळणाऱ्या, बायका त्या नावाआड दडतात.

त्यानंतर प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारावा: हा धंदा येथेच का, शेजारी का नाही? बोरीबंदर ते ठाणे रेल्वे 1853 मध्ये सुरू झाली, कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात कापसाच्या भावाने शहरात अमाप पैसा आला. मुंबईकडे बंदर आणि भांडवल होते, परंतु कापूस दूर पिकत होता. जमशेटजी टाटांनी हे ओळखून कापसाच्या प्रदेशातच, नागपूरला, गिरणी उभारली. ती एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली.

आता मुख्य भागाकडे वळू. 18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि बहुतेक लेखन या तारखेपासून ऱ्हासाची गोष्ट सांगू लागते. माझ्या मते ही सुरुवात चुकीची आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्येच पहिला यंत्रमाग बसवला होता. स्वातंत्र्यानंतर हातमागाच्या रक्षणासाठी मोठ्या गिरण्यांच्या मागवाढीवर बंधने आली आणि अबकारी कराचा भारही त्यांच्यावर अधिक पडला. त्याचा लाभ हातमागापेक्षा भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनाच अधिक झाला. म्हणजे गिरणीतील साचेखात्याचे (विणकाम विभागाचे) काम संपापूर्वीच बाहेर जाऊ लागले होते. संपाने त्या प्रवाहाला वेग दिला.

येथे यंत्रे, माणसे आणि जमीन कोठे गेली हे वेगवेगळे पाहावे. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने साधे माग यंत्रमागांच्या शेडमध्ये गेले. कामगारांपैकी कोणी कोकणात किंवा घाटावर गावी परतले, तर कोणी शहरातच हमाली किंवा पहारेकऱ्याचे काम धरले. गिरणगावातील गावकीच्या (एकाच गावच्या कामगारांच्या सामायिक) खोल्या आणि खाणावळी यांचा शोध घेतल्यास ही वाट दिसते. जमिनीचा माग नियमांत सापडतो: 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 वा नियम गिरणीच्या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक यांत वाटणी सांगत होता, 2001 च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. लोअर परळचे मनोरे कापडधंद्याच्या इतिहासाचाच भाग आहेत, हे त्यामुळे लक्षात येते.

आकडे वापरताना विशेष सावधगिरी बाळगावी. 1961 ते 1991 च्या जनगणनांत कामगारांचे नऊ गट होते आणि घरगुती उद्योगाबाहेरचे उत्पादन हा त्यांतील स्वतंत्र गट होता. 2001 पासून प्राथमिक तक्त्यांत चारच गट राहिले, त्यामुळे शेडमधला यंत्रमाग कामगार आणि बँकेतला कारकून दोघेही ‘इतर कामगार’ या एकाच रकान्यात गेले. उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाचे संकेतांकही 1970, 1987, 1998, 2004 आणि 2008 असे बदलत आले आहेत. वार्षिक उद्योग पाहणी प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांपुरती असते; लहान शेड तिच्या बाहेर राहतात, म्हणून केवळ तिच्यावर विसंबल्यास माग खडखडत असलेले गावही ओसाड दिसू शकते. अशा ठिकाणी आर्थिक गणनेचा आधार घ्यावा. तिची सहावी फेरी 2013 मध्ये झाली.

कागद संपले की माणसांकडे जावे, पण ‘धंदा कसा बदलला’ असे विचारू नये. त्याला भाषणवजा उत्तरच मिळते. सूत कोणाचे, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) कोठून येते, मजुरी पिकांवर (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) किती, दिवाणजी किती शेडचे हिशेब पाहतो, असे विचारावे. इचलकरंजीत दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणाऱ्यांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. मालक आणि मजूर यांच्या मधली ही पायरी कोणत्याही सरकारी तक्त्यात धड बसत नाही. वहिफणी (उभे धागे मागात ओवण्याचे काम) आणि कांडीच्या कामगारांशी निराळे बोलावे, कारण शेडमालकासमोर ते मोजकेच बोलतात. जुनी पगारपत्रके आणि मनीऑर्डरच्या पावत्या दाखवण्याची विनंती करावी. पावतीवर गाव, तारीख आणि रक्कम असते.

शेवटी नकाशा काढताना 1901, 1951, 1981 आणि 2011 अशी चार वर्षे पुरेत. प्रत्येक वर्षी कापूस, सूत, विणकाम आणि कामगारांची मूळ गावे निरनिराळ्या रंगांनी दाखवावीत व त्यांना बाणांनी जोडावे. जेथे पुरावा नाही तेथे अंदाजाने रंग भरू नये. तुटक रेघ ओढून समासात कोणता कागद अजून पाहायचा आहे तेवढे लिहून ठेवावे.