नवी मुंबईतल्या आपल्या गावाचा इतिहास कसा काढायचा

करावे घ्या, घणसोली घ्या, इतिहास लिहायला बसलं की सगळे 1970 पासूनच सुरू करतात, सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, 95 गावांची जमीन गेली, मग जानेवारी 1984 चं जासईचं आंदोलन, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील, पाच हुतात्मे, साडेबारा टक्के (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढी विकसित जमीन परत). हे यायलाच पाहिजे, पण त्याआधी गाव कशावर जगायचं ते काढा, म्हणजे खाडीचं पाणी कुठपर्यंत चढायचं आणि भात कुठून सुरू व्हायचं.

पहिले नकाशा. टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर अमेरिकन आर्मीचे 1950 च्या दशकातले भारताचे नकाशे फुकट मिळतात, स्केल 1:250,000 आहे त्यामुळे गाव म्हणजे नुसता ठिपका, पण खाडी, खाजण (भरतीचं पाणी येणारी दलदल), डोंगर समजतात. शेजारी गूगल मॅप उघडा आणि सेक्टर नंबर विसरा.

मग म्हातारी माणसं, आणि ही कामं पुढे ढकलू नका. "आजी, गावाचा इतिहास सांगा ना" म्हटलं की "मना काय ठाव" म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, उधाणाला बांध फुटला की घरटी किती माणसं जायची, उघाडी (बांधातली पाणी सोडायची-अडवायची झडप) कोण सांभाळायचं, खळं कुठे असायचं, मिठागर कुणाचं, होळी कुठे लागायची? नुसत्या उघाडीवर तासभर बोलतात. विचारून रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि शेतांची नावं लगेच लिहून घ्या, कारण सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो, जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यात तो भरलेला सापडला की आजीचं शेत थेट सर्वे नंबरला जुळतं.

जुने सातबारे, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) 'आपले अभिलेख' पोर्टलवर स्कॅन केलेले आहेत (सगळे मिळतीलच असं नाही, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज). 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतरचे फेरफार नीट वाचा, कूळ मालक झालं ते तिथे दिसतं, म्हणजे त्याआधी जमीनमालक कोण होता तेही कळतं. गावठाणातली घरं मात्र सातबाऱ्यावर शोधू नका.

1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर ऑनलाइन आहे, इंग्रजीत, छोटी गावं त्यात फारशी नाहीत, पण खारजमीन (बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन) आणि मिठागरांवरचा भाग चुकवू नका.

लिहून झालं की छापायच्या आधी सगळ्या आळ्यांत फिरवा, एखाद्या घराण्याचा होळीचा मान राहून गेला तर पुढच्या जत्रेपर्यंत ऐकवतील.